पुस्तकांचं भाडं

शाळेला पुस्तकं भेट द्यायची म्हटलं की लोक कपाट रिकामं करतात. जुनी गाईडं, पानं सुटलेले दिवाळी अंक, कधीच्या काळची संगणकाची पुस्तकं. मुलं ती उघडत नाहीत, आणि मग मुलांना वाचनाची आवडच नाही, असं ठरवून टाकलं जातं. दूरदेशी पाठवायच्या खोक्यांतही हाच माल भरला जाऊ शकतो. त्यामुळे सेवाभावी क्लबांच्या ग्रंथालय-उपक्रमांचं कौतुक करताना मी जरा हात राखूनच असतो. ग्वाटेमालातलं रोटरीचं काम मात्र मला मनापासून पटलं.

या देशातलं छत्तीस वर्षांचं यादवी युद्ध १९९६च्या डिसेंबरात संपलं. त्यात सर्वाधिक बळी गेले ते तिथल्या मूळनिवासी माया लोकांचे. त्याच सुमारास अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या बर्निंगर बंधूंनी तिथल्या शाळांना पाठ्यपुस्तकं पुरवण्यासाठी संस्था काढली आणि १९९७पासून रोटरी क्लब त्या कामात उतरले. सातवी ते नववीच्या कितीतरी वर्गांत पुस्तक म्हणून नव्हतंच. गुरुजी फळ्यावर लिहायचे, मुलं वहीत उतरवून घ्यायची, तेवढ्यात तास संपायचा. वह्या भरत होत्या, पण वाचायला काही नव्हतं.

इथे पुस्तकं फुकट मिळत नाहीत. पहिला संच देणगीतून येतो. पुस्तकं वापरण्याचं थोडं भाडं पालक भरतात, ते एका निधीत साठत जातं आणि साधारण पाच वर्षांनी पुस्तकं झिजली की त्यातूनच नवी घेतली जातात. पुन्हा कुणाच्या दारात जावं लागत नाही. गरिबाकडून पैसे घ्यावेत का, हा प्रश्न खरा आहे. ज्या घरात तेवढंही भाडं जड जातं, तिथे त्याचं उत्तर सोपं नाही. तरीही मी या पद्धतीच्या बाजूने आहे. भाडं भरलेली आई शाळेत येऊन विचारू शकते, माझ्या मुलीला फाटकं पुस्तक का दिलंत? फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल असं विचारायला जीभ रेटत नाही.

आणि माया लोक पुस्तकाला नवखे नाहीत. ते अंजिराच्या जातीतल्या झाडांच्या सालीचा कागद करून त्यावर लिहीत. १५६२ साली युकातानातल्या मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने त्यांच्या पोथ्या जाळल्या. आज जेमतेम चार उरल्या आहेत. किचे माया लोकांचा ‘पोपोल वूह’ हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तो फ्रान्सिस्को हिमेनेझ या धर्मगुरूने अठराव्या शतकाच्या आरंभी केलेल्या नकलेमुळे. त्याने किचे मजकुराशेजारीच स्पॅनिश भाषांतर लिहून ठेवलं. ते हस्तलिखित आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. १९०५मध्ये रोटरीचा पहिला क्लब याच शहरात सुरू झाला. माया पोथ्यांचा हा इतिहास ठाऊक असला की ग्वाटेमालाला पुस्तकं पाठवण्यात उपकाराची भाषा करवत नाही. या लोकांचं पुस्तकाशी असलेलं नातं बाहेरच्यांनी तोडलं होतं. ते पुन्हा जोडताना बाहेरच्यांनी खर्चाचा वाटा उचलावा, हे रास्तच आहे.

माझी तक्रार आहे ती भाषेबद्दल. ती पाठ्यपुस्तकं स्पॅनिश आहेत. पुढच्या शिक्षणाला आणि नोकरीला स्पॅनिश लागते, हे मान्य. पण २००३च्या कायद्याने या देशाने किचे, माम, काक्चिकेल अशा बावीस माया भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता दिली आहे. घरी किचे बोलणाऱ्या मुलीला शाळेच्या कपाटात किचेतलं गोष्टीचं पुस्तकही हाती लागायला हवं, तिथल्याच माणसांनी लिहिलेलं, तिथेच छापलेलं. रोटरीच्या मोठ्या अनुदानांसाठी त्या देशातला क्लबही भागीदार असावा लागतो, म्हणजे स्थानिक माणसं मुळातच सोबत आहेत. साठलेल्या भाड्यातून नवी पुस्तकं घ्यायची वेळ येईल तेव्हा त्या क्लबांनी यादी करायला किचे बोलणाऱ्या शिक्षकांना आणि भाडं भरणाऱ्या आयांना बसवावं.