केडगावच्या गाडीत सापडलेला धागा

रविवारी सकाळी दौंडची गाडी पकडली तेव्हा सॅकमध्ये पाण्याची बाटली, चिवडा आणि कांजीच्या कार्डांचा गठ्ठा होता. जपानीच्या एन-थ्री परीक्षेत एकदा दांडी उडालेली. ऑफिसात जपानी क्लायंट, पुढची बढती त्यावरच... पुन्हा फॉर्म भरायचा की नाद सोडायचा, हे त्या दिवशी ठरवायचं होतं.

लोणी, उरुळी, यवत. खिडकीबाहेर ऊस, हातात कार्डं. आणि एकदम लक्षात आलं, कितीतरी अक्षरांच्या डाव्या अंगाला तीच सहा रेघांची आकृती आहे. 'इतो', म्हणजे धागा! कागद म्हणजे 'कामी', त्यात धागा. लग्न म्हणजे 'केक्कोन', पहिल्याच अक्षरात धागा (सूत जुळल्याशिवाय लग्न कुठलं?). आणि तुमच्या-माझ्या जिव्हाळ्याचा 'क्यूर्यो', म्हणजे पगार, तोही धाग्यानेच सुरू होतो!

सगळ्यात भारी निघालं 'क्यो'. या अक्षराचा मूळ अर्थ मागावरचा उभा धागा, म्हणजे ताणा. पण बौद्ध ग्रंथांनाही हेच अक्षर. का? कारण आपला संस्कृत शब्द 'सूत्र', म्हणजे धागाच की!

केडगावला उतरले ती पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनसाठी. 1896-97च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायकांना आणलं आणि इथल्या माळावर वसवलं. त्यांना विणकाम शिकवलं, छपाई शिकवली. ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्या स्वतःच्या हाताने कापड विणू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. आणि संस्कृतच्या या पंडिता? बायबल मुळातून मराठीत आणायचं म्हणून चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या! 1922 साली गेल्या, तोवर त्या कामाला लागलेल्याच होत्या.

आणि मी एका परीक्षेवरून तोंड पाडून बसलेले.

तुम्हीही जाऊन या, एका रविवारी होतं. फक्त आधी विचारून जा. आजही ते अनेक मुली-बायकांचं घर आहे, पिकनिक स्पॉट नव्हे.

परतीच्या गाडीत गठ्ठ्यातून एक कार्ड काढलं. 'त्सुझुकु', म्हणजे चालू राहणे. जपानी मालिकांच्या भागाशेवटी झळकतो ना, तोच शब्द. डाव्या अंगाला पुन्हा धागा. फॉर्म त्याच रात्री भरला.

क्रमशः!