पिठाचा डबा

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारची रात्र, साडेअकरा वाजलेले, मी घरूनच रिलीजच्या भानगडीत अडकलेलो. तेवढ्यात आतल्या खोलीतून ओंकार आला. पोट धरून, घामाघूम. "दादा, लय दुखतंय."

ओंकार म्हणजे माझा मामेभाऊ, वय वर्षं सोळा. दहावी झाल्यावर जूनमध्ये इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावायला बार्शीहून पुण्यात आला आणि माझ्या फ्लॅटवर राहू लागला. येताना मामीने त्याच्याबरोबर ज्वारीच्या पिठाचा मोठा डबा दिला होता. दर रविवारी तिचा फोन येतो आणि शेवटचा प्रश्न ठरलेला, "भाकरी खाताय ना रे?" माझं उत्तरही ठरलेलं. "हो मामी, रोज."

तर त्या रात्री मी आधी इंटरनेटवर शोधलं (ही आपली सवय), अपेंडिक्सपर्यंत पोचलो आणि घाबरून त्याला रिक्षात घातलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "पोट साफ कधी झालं होतं?" ओंकारने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"सोमवारी."

"खातो काय हा?" हा प्रश्न मला होता. म्हटलं, नॉर्मलच. "नॉर्मल नको, कालचं सांगा." मग यादी बाहेर आली. सकाळी चहा-बिस्किटं, क्लासच्या मधल्या सुट्टीत वडापाव, दुपारी नूडल्स, संध्याकाळी बेकरीतलं पॅटीस, रात्री ॲपवरून मागवलेला फ्राइड राईस. "यात भाजी कुठंय?" ओंकार म्हणाला, "वड्यात बटाटा होता." बाई हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण आदल्या दिवशी मीही जवळपास तेच खाल्लं होतं. अपेंडिक्स वगैरे काही नव्हतं. औषध मिळालं, सकाळपर्यंत स्वारी मोकळी झाली.

शनिवारी मी एक्सेल उघडलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे दहा वर्षांपुढच्या सगळ्यांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ, म्हणजे फायबर, पोटात जायला हवेत. बिस्किटाच्या पुड्यावर शोधलं तर साखर, फॅट, सोडियम सगळं छापलेलं, फायबरची ओळच नाही. ती छापण्याची सक्तीच नाही आपल्याकडे. मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते काढले. १०० ग्रॅम मैद्यात फायबर जेमतेम पावणेतीन ग्रॅम, पांढऱ्या तांदळातही तेवढंच. गव्हाच्या कणकेत साधारण ११, ज्वारीत १०, बाजरीत साडेअकरा, अख्ख्या हरभऱ्यात तब्बल २५. ओंकारचा गुरुवार कितीही उदारपणे मोजला तरी आकडा १५ च्या पुढे जाईना. माझाही नाही.

म्हटलं, पोराला जरा शिकवावं. "फायबर म्हणजे काय, माहितीये?" त्याने घडाघडा उत्तर दिलं, "तंतुमय पदार्थ. ते पचत नाहीत, पण पाणी धरून ठेवतात आणि मल पुढे सरकायला मदत करतात." दोन मार्कांचं उत्तर, दोनपैकी दोन.

"मग खात का नाहीस?"

"दादा, सव्वासहाला निघतो मी. डबा कोण देणार, तू?"

मी गप्प. थोड्या वेळाने तोच हळू आवाजात म्हणाला, "आणि क्लासचं टॉयलेट बघितलंयस का? आत पाय ठेववत नाही. म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नाही."

आता सांगा, यात जागृती कुठे कमी होती? सगळं माहीत होतं त्याला. त्याच्या दिवसात त्याला जागा नव्हती, एवढंच. आणि ती जागा करायची जबाबदारी ज्याने घेतली होती, तो दर रविवारी फोनवर थाप मारत होता.

मी पिठाचा डबा उघडला. वर जाळी धरलेली, जिभेवर ठेवलं तर कडूजहर. चार महिन्यांत दोनदा उघडला असेल. सगळं पीठ कचऱ्यात ओतलं. रविवारी मामीला खरं सांगितलं, हॉस्पिटलसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, आता ओरडणार. मग म्हणाली, "अरे, पीठ टिकत नाही एवढे दिवस. आता ज्वारीच पाठवते. लागेल तशी दळून आण." फोन ठेवल्यावर मला ओरडा खाल्ल्यापेक्षा जास्त लागलं.

पुढे मी अतिउत्साहात घोळ घातलाच. दोन्ही वेळा हरभऱ्याची उसळ, वर दोन पेरू. मंगळवारी ओंकारचं पोट नगाऱ्यासारखं. फायबर एकदम वाढवलं की आतड्यातले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि गॅस होतो. हळूहळू वाढवायचं असतं आणि सोबत पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर उलट आणखी अडकतं. म्हणजे प्रॉडक्शनवर एका रात्रीत सगळं टाकायचं नसतं, हे ज्याला हापिसात रोज कळतं त्याला घरी कळलं नाही :)

सध्याची व्यवस्था अशी. पोळ्यांच्या मावशी संध्याकाळी भाकरीही करतात (पैसे वेगळे, अर्थात). डब्यात पोळी-भाजी आणि एक पेरू किंवा मूठभर फुटाणे. वडापाव बंद नाही, शनिवारी असतो. गजर अर्धा तास आधी, म्हणजे सकाळी कोमट पाणी पिऊन निवांत बसायला वेळ मिळतो. टॉयलेटबद्दल क्लासला मेल टाकलाय, उत्तर यायचंय. तोपर्यंत ओंकार पाण्याची बाटली अर्धीच संपवून परत आणतो. हा प्रश्न माझ्या एक्सेलमध्ये सुटणारा नाही.

गेल्या रविवारी मामीचा फोन आला. शेवटचा प्रश्न आला तसा मी फोन ओंकारकडे दिला. तो म्हणाला, "खातोय गं. पण दोन दिवस दादाने पिझ्झा मागवला होता."

असो. गिरणी एक वाजता बंद होते, दळण आणायला जायचंय.