घरची अक्कल घरातच

सकाळच्या भाईंदर-चर्चगेट लोकलमध्ये बायकांच्या डब्यात तीन विषय हमखास निघतात. पाणी किती वाजता आले, कामवालीने कोणते निमित्त काढले, आणि कोणाच्या घरी कोणते नवे यंत्र आले. ह्या तिसऱ्या विषयात माझीही भर पडली, आणि तेव्हापासून मैत्रिणी हात धुऊन मागे लागल्या आहेत, की बाई, नीट लिहून काढ. म्हणून हा खटाटोप.

आमचे घर भाईंदर पश्चिमेला. इमारत १९९४ सालची, म्हणजे इथे महापालिका होण्याच्या आधीची. खाडी आणि मिठागरे जवळ, त्यामुळे हवेत खारटपणा इतका, की दाराची बिजागरीसुद्धा दर वर्षी तेल मागते. आम्ही दोघे नोकरीवाले, मुलगा पुण्याला शिकायला, आणि घरी सासूबाई. वय ८१. सकाळी सातला आम्ही बाहेर पडतो ते संध्याकाळी साडेसातला परत. मधले बारा तास त्या एकट्या. गाडीत बसले तरी माझे अर्धे मन घरीच. गॅस बंद केला असेल ना? न्हाणीघरात पाय तर घसरला नसेल?

नाशिकच्या दीरांनी ह्यावर तोडगा म्हणून एक कॅमेरा पाठवून दिला. सासूबाईंनी खोक्यावरचे चित्र पाहिले आणि म्हणाल्या, “मी काय सराफाचं दुकान आहे? लुगडं नेसताना, गुडघ्याला तेल लावताना मला कोण बघणार, ते आधी सांगा.”

दीर फोनवर म्हणाले, “अगं आई, फक्त आम्हीच बघू.”

“तेवढं तरी कशाला?” त्या म्हणाल्या, आणि खोके माळ्यावर गेले.

मला त्यांचे पटले. शिवाय ‘फक्त आम्हीच’ हेही दर वेळी खरे असते असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वायझ कंपनीच्या सुमारे १३ हजार गिऱ्हाइकांना आपल्या फोनवर दुसऱ्यांच्याच घरातल्या कॅमेऱ्यांची चित्रे दिसली होती. चित्र कंपनीच्या संगणकावर गेले, की ते कोणाच्या हाती पडेल हे आपल्या हातात राहत नाही.

तर कॅमेरा नको, पण काळजीही मिटायला हवी. इथून आमचा शोध सुरू झाला.

बाजारात मिळणारी बहुतेक ‘स्मार्ट’ उपकरणे कशी चालतात ते आधी सांगते. तुम्ही स्वयंपाकघरात उभे राहून फोनवर दिवा लावलात, की निरोप आधी जातो कंपनीच्या कुठल्या तरी दूरदेशीच्या संगणकाकडे, तिथून परत येतो तुमच्या बाहेरच्या खोलीतल्या दिव्याकडे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायला व्हाया दिल्ली जाण्यासारखेच हे! मधला रस्ता चालू आहे तोवर ठीक. २० ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या दुपारी, अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या संगणककेंद्रात बिघाड झाला आणि कित्येक घरांतली अलेक्सा मुकी झाली.

त्याहून वाईट म्हणजे कंपनीच दुकान गुंडाळते. रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब होता, किंमत ३०० डॉलर. ती कंपनी गूगलच्या नेस्टने २०१४ मध्ये घेतली, आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. चांगले चालणारे खोके एका दिवसात पेपरवेट झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर असेच न सांगता बंद पडले. पुढे जुन्या गिऱ्हाइकांपैकीच काहींनी मिळून ती कंपनी विकत घेतली. आपला मिक्सर कंपनी बुडाली म्हणून वाटण करायचे थांबतो का? मग दिव्याने का थांबावे?

ह्याला उपाय म्हणजे घरातला हब. हे एक लहानसे खोके, डब्यातल्या पोळीच्या डब्याएवढे. घरातली सगळी उपकरणे त्याच्याशी बोलतात आणि काय करायचे ते तेच ठरवते. निरोप घराबाहेर जात नाही. आम्ही ‘होम असिस्टंट’ घेतले. पाउलस स्काउटसन ह्या डच माणसाने २०१३ मध्ये ते सुरू केले. २०२४ पासून ते ओपन होम फाउंडेशन ह्या ना-नफा संस्थेकडे आहे. ते फुकट मिळते. मात्र ते चालवायला छोटा संगणक लागतो. ‘होम असिस्टंट ग्रीन’ नावाचे तयार खोके मिळते, रास्पबेरी पाय चालतो, घरातला जुना लॅपटॉपही चालतो. (लॅपटॉप वर्षभर चार्जिंगला लावून ठेवाल तर बॅटरी फुगली नाही ना, हे मधूनमधून पाहत जा.) आम्ही लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेला छोटा संगणक आणला. रास्पबेरी पायसारखे खोके असले तर वीज साधारण सहा वॅट, म्हणजे महिन्याला चार-साडेचार युनिट. आमचे थोडे जास्त खाते, पण झेपते.

आता घेताना काय पाहायचे? दुकानदाराला मी एकच प्रश्न विचारते: “इंटरनेटची वायर काढली तर हे चालेल का?” बहुतेक जण “हो हो मॅडम, वायफायवर चालतं” म्हणतात. वायफाय आणि इंटरनेट ह्यात त्यांचीच गल्लत असते. म्हणून वस्तू घरी आणल्याबरोबर राउटर चालू ठेवून बाहेरून येणारी वायर काढायची आणि बटण दाबून पाहायचे. नाही चालले, तर परत करायची मुदत आहे तोवर परत. खोक्यावर ‘झिगबी’ लिहिले असेल तर बहुधा काम होते. तो कमी पल्ल्याचा रेडिओ आहे, हबला त्याची एक छोटी कांडी लावावी लागते. ‘मॅटर’चे तीन बाणांचे चिन्ह असेल तरी चालते, २०२२ मध्ये निघालेल्या ह्या पद्धतीत उपकरणाने घरातल्या घरात हुकूम ऐकलाच पाहिजे. झिगबीची ती कांडी संगणकाला थेट खुपसू नका, वीतभर एक्स्टेन्शन वायर लावून दूर ठेवा, नाहीतर संगणकाच्या गडबडीत तिला काही ऐकू येत नाही. आणि आपल्या सिमेंटच्या भिंती जाड. म्हणून मधल्या खोलीत एखादा झिगबी प्लग लावावा, तो निरोप पुढे पोचवतो. सेलवर चालणारी उपकरणे हे पुढे पोचवायचे काम करत नाहीत.

वायरिंगचेही ऐका. भिंतीतल्या बटणामागे बसणाऱ्या बहुतेक स्मार्ट रिलेंना न्यूट्रल वायर लागते. जुन्या घरात प्रत्येक बोर्डात ती असतेच असे नाही, पण ज्या बोर्डावर प्लग पॉइंट आहे तिथे न्यूट्रल असणारच. वायरमन बोलवायच्या आधी घरभर फिरून असे बोर्ड मोजून ठेवलेत, तर तो तुम्हाला उगीच भिंत फोडायला लावणार नाही. आणि एक अट मी पहिल्या दिवशीच घातली: भिंतीवरचे एकही बटण मरता कामा नये. खोके बंद पडले तरी सासूबाईंचा हात नेहमीच्या जागी गेला, की दिवा लागलाच पाहिजे.

आमच्याकडे काय काय बसवले? स्वयंपाकघरात सिंकखाली पाण्याची चकती. मीरा-भाईंदरात राहणाऱ्यांना ह्याचे महत्त्व सांगायला नको. नळ कोरडा म्हणून उघडा राहतो, भलत्या वेळी पाणी येते आणि खालच्या मजल्यावरच्या बाई वर येतात! चकतीला ओल लागली, की घरात भोंगा होतो. गॅसचा वास ओळखणारे यंत्रही लावले. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. म्हणून यंत्र छताजवळ. सिलिंडरचा गॅस जड, तो खाली बसतो. म्हणून त्यासाठी यंत्र जमिनीजवळ. चुकीच्या जागी लावलेले यंत्र भिंतीची शोभाच. आणि गॅसच्या यंत्राला चुकूनही पंखा जोडू नका. वास आल्यावर पंखा आपोआप लागला, तर एक ठिणगी पुरे. तिथे फक्त भोंगा.

आता न्हाणीघर. सगळी खरी काळजी तिथेच होती. पहिले काम विजेचे नव्हतेच: आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडणारी कडी बसवली. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आहे त्यांनी बाकी काही केले नाही तरी एवढे कराच. मग दाराच्या चौकटीवर एक चिमुकला सेन्सर. दार लोटलेले आणि आतला दिवा लागलेला, असे २५ मिनिटांहून जास्त झाले, की घंटा. चित्र नाही, आवाज नाही.

पण घंटा वाजवायची कुठे? आमच्या फोनवर निरोप यायला इंटरनेट लागणार, आणि ते गेले तर? घरातला हब घरातच हुशार असतो, बाहेर गाडीत उभ्या असलेल्या सुनेपर्यंत तो एकटा पोचत नाही. हे विकणारे तुम्हाला सांगत नाहीत. ह्यावर ह्यांनी छान युक्ती काढली. समोरच्या दारच्या गुजराथी बेन दिवसभर घरी असतात. त्यांच्या घरात दाराजवळ एक झिगबी प्लग लावला आणि त्याला साधी घंटा. मधे फक्त जिना, त्यामुळे इंटरनेट असो नसो, घंटा वाजते. आमची किल्ली त्यांच्याकडे असतेच.

पहिल्या आठवड्यात घंटा चार वेळा वाजली. सासूबाई न्हाणीघरात आपले लुगडे स्वतः धुतात, हे आम्ही धरलेच नव्हते. त्या तणतणल्या, “माझी आंघोळ घड्याळ लावून मोजता काय?” मग चर्चा होऊन २५ ची ४० मिनिटे झाली, आणि त्यांच्या पलंगाजवळ एक बटण आले. ते दाबले, की दोन तास सगळी टेहळणी बंद. भजनी मंडळाच्या बायका आल्या, की त्या ते हटकून दाबतात. “आमच्या गप्पा यंत्राला कशाला?” यंत्र ऐकत नाही हे मी सांगितले, त्यांनी ऐकून घेतले आणि बटण दाबले. हरकत नाही, बटण त्यांचेच आहे.

ऑगस्टमध्ये रस्ता खोदताना कोणाची तरी कुदळ केबलवर बसली आणि दोन दिवस सगळ्या गल्लीचे इंटरनेट गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बेनच्या घरातली घंटा वाजली. त्यांनी हाक मारली, उत्तर नाही. नाण्याने कडी उघडली. सासूबाई स्टुलावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. चक्कर आली होती, उठवत नव्हते, हाक द्यायलाही आवाज फुटत नव्हता. बेननी मला साधा फोन केला. मी चर्चगेटहून घरी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. रक्तदाबाची गोळी जास्त होत होती, ती कमी केली. आणि सासूबाई कॉटवर बसून बेनना सांगत होत्या, की खाखऱ्यात ओवा जरा जास्तच पडलाय.

त्या रात्री दीरांचा फोन आला. कॅमेऱ्याचे नाव त्यांनी काढले नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती बायकांनी विशेष ध्यानात ठेवावी. सुरुवातीला ह्यांनी सगळे आपल्याच फोनवर घेतले होते. पासवर्ड त्यांना ठाऊक, वेळा त्यांनी लावलेल्या. मी म्हटले, “अहो, कंपनीच्या ताब्यातून काढून नवऱ्याच्या ताब्यात द्यायचं, तर आम्ही मिळवलं काय?” मग माझे वेगळे खाते झाले, आणि दोन रविवार खर्चून मी ते शिकले. स्वयंपाकातल्या एखाद्या अवघड पक्वान्नापेक्षा कठीण नाही. चिरोट्यांपेक्षा तर नक्कीच सोपे. एक वही केली आहे. कोणते यंत्र कुठे, कोणता सेल कधी बदलला, पासवर्ड कोणता, सगळे मराठीत. ती देवघराच्या खणात असते. महिन्यातून एकदा सगळ्या मांडणीची नक्कल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतो, कारण दमट हवेत आणि विजेच्या येण्याजाण्यात यंत्राचा काही भरवसा नाही. राउटर आणि हब दोन्हींना छोटे यूपीएस आहेत.

विजेवरून आठवले. स्मार्ट बल्ब घ्याल तर वीज गेल्यावर परत येताना तो काय करतो ते आधी ठरवून द्या. बरेच बल्ब आपोआप लख्ख लागतात. रात्री तीनला वीज आली, की सगळे घर उठून बसते.

सध्या आमच्याकडे वाद गिझरचा चालू आहे. तो २००० वॅटचा, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. त्याला बारीकसारीक प्लग लावला तर वितळायचा, १६ अँपिअरचेच सामान हवे, आणि ते वायरमनकडूनच बसवून घ्यायचे. सामान आणून ठेवले आहे. पण सासूबाईंना पाणी पहाटे साडेचारला हवे, ह्यांना साडेपाचला, आणि मी म्हणते की बिल कोण भरणार? निकाल लागेपर्यंत बटण हातानेच दाबतो आहोत.