राखेआधीचे तीन दिवस

'कार्निव्हल' हा शब्द उच्चारला की आपल्या धर्मग्रामांतील ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. रंगवलेली तोंडे, कर्कश संगीत, तोकडे कपडे आणि मद्याचा पूर, एवढेच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. दूरदर्शनच्या पडद्यावर दिसते ते रिओचे किंवा पणजीचे कार्निव्हल, आणि तेही मिरवणुकीपुरतेच. तथापि हा शब्द जरा उलगडून पाहिला, तर त्यातून निघतो तो उपवास! मध्ययुगीन 'कार्ने लेव्हारे' म्हणजे मांस बाजूला ठेवणे, त्याचे झाले कार्निव्हल. गोव्यातले आपले बांधव या दिवसांना 'इंत्रूज' म्हणतात. पोर्तुगीज 'एन्त्रूदो'वरून तो शब्द आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधील 'इन्त्रोइतुस', म्हणजे प्रवेश. हा प्रवेश प्रायश्चित्तकाळातला. सणाचे नावच मुळी उद्याच्या उपवासावरून पडलेले आहे.

नाइसिया येथे ३२५ साली भरलेल्या धर्मसभेच्या नियमांत चाळीस दिवसांच्या या काळाचा उल्लेख येतो. मध्ययुगात या उपवासाचे नियम फार कडक झाले. मांस तर वर्ज्यच. पण अंडी, दूध, लोणी, चीज हेही युरोपच्या बहुतेक भागांत चालत नसे. त्या काळच्या गृहिणीची अडचण आपल्या सहज ध्यानात येईल. हिवाळ्यात साठवलेली चरबी, टोपलीतली अंडी, मडक्यातले लोणी यांचे करायचे काय? चाळीस दिवस ते टिकणार नाही आणि टाकून देणे पाप. मग मंगळवारी ते सगळे शिजवायचे, तळायचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून संपवायचे. इंग्रजांचे त्या दिवशीचे पॅनकेक, जर्मनांचे तळलेले गोड वडे, फ्रेंचांनी त्या मंगळवाराला दिलेले 'मार्दी ग्रा' म्हणजे 'चरबीचा मंगळवार' हे नाव, या सर्वांची जन्मकथा स्वयंपाकघरातली आहे. इंग्रजीतल्या 'श्रोव्ह' मंगळवाराचा संबंध मात्र पापनिवेदनाशी आहे. पोटाची आणि मनाची आवराआवर एकाच दिवशी होत असे.

वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता, पण आमच्या घरी इंत्रूज नव्हते. आजीचा एक रिवाज तेवढा आठवतो. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी घरात मटण शिजे, आणि जेवणे आटोपली की ती मटणाचे भांडे चुलीतल्या राखेने तीनतीनदा घासून माळ्यावर पालथे घालून ठेवी. ईस्टरच्या सकाळपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. या रिवाजाला कोठला आधार आहे, असे तिला विचारण्याची आमची प्राज्ञा नव्हती. त्या दुपारी ती नेहमीपेक्षा अधिक बोले, अधिक हसे, नातवंडांना आग्रह करकरून वाढी, हे मात्र पक्के स्मरते. पुढे १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी उपवासाचे नियम पुष्कळ सैल केले. आज अन्नाचा उपवास बंधनकारक आहे तो केवळ राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी. नियम सैल झाले ते आपण मनाने अधिक काही करावे म्हणून. आपण किती केले, हे ज्याचे त्याने पाहावे.

पीटर ब्रूगेल या चित्रकाराने १५५९ साली काढलेले एक प्रसिद्ध चित्र आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात पिंपावर स्वार झालेला एक लठ्ठ माणूस हाती मांसाची सळई घेऊन निघाला आहे. समोरून एक कृश स्त्री पाव भाजण्याच्या लांब फावड्यावर दोन मासळ्या घेऊन येते आहे. एक कार्निव्हल, दुसरी उपवास. डाव्या हाताला खानावळ, उजव्या हाताला चर्च, आणि मधल्या चौकात सारे गाव. मला त्या चित्रात सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते कडेकडेचे पांगळे आणि भिकारी. दोन्ही बाजूंच्या गर्दीत ते आहेत आणि दोन्हीकडे त्यांच्याकडे पाहणारे थोडेच.

कार्निव्हलचा खरा प्रश्न मला येथेच दिसतो. माणसे तीन दिवस हसली, याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. ती कोणाला हसली, हे मात्र विचारलेच पाहिजे. या बाबतीत आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातले एक पान लाजिरवाणे आहे. पंधराव्या शतकात पोप पॉल दुसरे यांनी रोममधील कार्निव्हलच्या शर्यती शहराच्या मुख्य रस्त्यावर आणल्या. त्या शर्यतींत ज्यू लोकांना पळायला लावीत आणि दुतर्फा उभे असलेले ख्रिस्ती नागरिक त्यांची टर उडवीत. हा प्रकार दोन शतके चालला. १६६८ साली पोप क्लेमेंट नववे यांनी तो बंद केला, पण त्याऐवजी ज्यू वस्तीवर कर बसवला. त्याच रोममध्ये सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी होऊन गेले. कार्निव्हलच्या गुरुवारी ते लोकांना घेऊन सात चर्चेसच्या यात्रेला निघत. वाटेत गाणी, वाद्ये, आणि दुपारी एका बागेत बसून पाव, चीज, अंडी नि द्राक्षारस! आनंदाला विरोध न करता त्याला वळण लावणारा हा संत मला फार जवळचा वाटतो. येशूसंघीयांनी १५५६ साली माचेराता गावी याच दिवसांत पवित्र साक्रामेंताची चाळीस तासांची आराधना ठेवली, तीही अशाच विचाराने.

माझी थोरली बहीण गोव्यात सासष्टी तालुक्यात दिली आहे. १९८७च्या इंत्रूजला मी तिच्याकडे होतो. सोमवारी दुपारी अंगणात खेळ आला. हे 'खेळ' म्हणजे गावातल्याच पुरुषमंडळींची कोंकणी गीतनाट्ये. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात, आणि ढोल, कर्णे यांच्या साथीने मंडळी एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातात. त्या दिवशीच्या खेळाचा विषय होता भाटकार आणि मुंडकार, म्हणजे जमीनदार आणि त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा गरीब. बहिणीचे सासरे स्वतः भाटकार. त्यांचा एका मुंडकाराशी घराखालच्या जागेवरून वाद चालू होता, आणि खेळातल्या भाटकाराचे सोंग घेतले होते त्या मुंडकाराच्याच मुलाने! सासऱ्यांची टोपी, त्यांची काठी, खाकरण्याची त्यांची लकब, काही म्हणता काही त्याने सोडले नाही. पडवीतल्या बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. माझी छाती धडधडत होती. म्हातारे मात्र खुर्चीत ताठ बसून होते. खेळ संपल्यावर त्यांनी खिशातून नोटा काढल्या, न मोजता त्या मुलाच्या हाती दिल्या आणि म्हणाले, "काठी उजव्या हातात धर रे बाबा, मी उजव्यात धरतो."

जागेचा वाद त्या दिवशी मिटला नाही. तो पुढे चार वर्षे चालला. परंतु बुधवारी सकाळी दोन्ही घरची माणसे राखेसाठी एकाच रांगेत होती आणि धर्मगुरूंचा अंगठा सर्वांच्या कपाळावर सारखाच टेकत होता. असा विनोद वर्षातून तीन दिवसच चालतो, एरवी त्याला शिक्षा असते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. चौथ्या दिवशी राख आहे म्हणूनच ते निभावते.

पणजीची मिरवणूक ही त्यामानाने अलीकडची गोष्ट. मुक्तीनंतर, १९६५ साली, टिमोतेओ फर्नांडिस यांच्या पुढाकाराने तिला आजचे रूप आले आणि ते स्वतःच पहिले 'किंग मोमो' झाले. हा मोमो मूळचा ग्रीकांचा चेष्टेचा देव. 'खा, पी आणि मजा कर' हा त्याचा हुकूम. पुढे पर्यटन खाते आले, कंपन्यांचे चित्ररथ आले. गोव्यातल्या धर्माधिकाऱ्यांनी या प्रकाराशी आपला संबंध नाही असे सांगितले, ते योग्यच झाले. त्या मिरवणुकीत प्रेक्षक एकीकडे आणि करमणूक दुसरीकडे असते. अंगणातल्या खेळात मात्र हसणाऱ्याला केव्हा आपलीच पाळी येईल याचा नेम नसतो.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी चर्चच्या मैदानावर राखेच्या बुधवारआधी एक संध्याकाळ साजरी करण्याची परवानगी मागितली. पालकीय मंडळात खडाजंगी झाली. एकजण म्हणाले, हे मूर्तिपूजकांचे थेर आहेत. दुसरे म्हणाले, मुले बाहेर जाऊन पितात त्यापेक्षा डोळ्यांसमोर नाचलेली बरी. मी मुलांचा कार्यक्रम मागवून घेतला. गाणी ठीक होती, खाण्याचे बेत तर उत्तम. एक प्रहसन मात्र आपल्या वाड्यांत मजुरीला येणाऱ्या आदिवासी बायकांच्या बोलीची नक्कल करणारे होते. मी परवानगीच्या बाजूने मत दिले आणि ते प्रहसन गाळायला सांगितले. मुले हिरमुसली. "मग आम्ही हसायचे कोणाला?" एका मुलीने विचारले. मी म्हटले, "आम्ही तेराजण येथे बसलो आहोत की!"

मंगळवारी मैदानावर पालकीय मंडळाची सभा हुबेहूब अवतरली. पहिल्या बाकासाठी चालणारी चढाओढ, देणगीदारांच्या फलकावरचे नावांचे क्रम, माझा चष्मा कपाळावर सरकवून 'मुद्दा असा आहे की' म्हणणे, सगळे होते. आमचे धर्मगुरू डोळे पुसत हसत होते. रात्री दहाला मुलांनी स्वतःच दिवे मालवले, आणि सकाळी सहाच्या मिस्साला त्यांतली बहुतेक मुले हजर होती. मंडळातले एक सभासद रागावून प्रहसनाच्या मध्येच उठून गेले ते आजतागायत मुलांशी बोलत नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्यावर स्वतंत्र प्रवेश बसवायचा मुलांचा विचार आहे, असे ऐकतो.