तलंग की पिल्लू?

जालना-भोकरदन रस्त्यावरच्या केदारखेड्यात परसात कोंबड्या पाळणं नवं नाही. मक्याचा भरडा घरचाच, उकिरडा दारापाशी, रात्री डालायला डालगं. अडतं ते एकाच ठिकाणी: कोंबडी आणायची कोणत्या वयाची?

एक दिवसाचं पिल्लू सगळ्यात स्वस्त, म्हणून मन तिकडंच धावतं. पण पहिला आठवडाभर त्याला ३५ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब लागते, पुढं ती हळूहळू कमी करायची. बल्ब लावला आणि मध्यरात्री लाइट गेली, की पिल्लं एका कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात. वाचतील त्यांच्यावर मांजर, मुंगूस आणि घार टपलेलीच. शिवाय पहिल्या आठवड्यात लासोटा, दुसऱ्यात गंबोरो. लसीची कुपी शंभर-दोनशे मात्रांची. दहा पिल्लांसाठी ती फोडणार कोण? शेड आहे, शंभर पिल्लं आहेत आणि घरी दिवसभर माणूस आहे, त्यानं पिल्लू जरूर घ्यावं.

मग अंड्यावरची कोंबडी? ‘आज न्या, उद्या अंडं’ असं विकणारा सांगतो, पण जागा बदलली की ती काही दिवस अंडं बंद करते. त्यात लेअर फार्मवरच्या कोंबड्या ७२ ते ८० आठवड्यांच्या झाल्या की एकदम काढतात, आणि त्यातल्या काही बाजारात येतात. वय विचारण्यापेक्षा कोंबडी उलटी धरून पाहावी. शेपटीखालच्या दोन हाडांत दोन-तीन बोटं मावली तर ती अंड्यावर आहे. जेमतेम एकच मावलं तर नाही. पिवळ्या पायांच्या जातीत चोच आणि पाय फिक्के पडले असतील, तर ती बरीच अंडी देऊन बसली आहे. म्हणजे खूण चांगली, पण उरलेलं आयुष्य कमी!

राहिली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. पशुसंवर्धन खात्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत निम्म्या अनुदानावर दोन प्रकारचे गट मिळत आले आहेत: एक दिवसाची १०० पिल्लं, किंवा ८ ते १० आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर. परसासाठी दुसराच गट खरा. उबेची कटकट सरलेली, घारीची भीती बरीच कमी झालेली आणि अंड्याचा सगळा काळ पुढं. पैसे चार जास्त जातात, पण मरतुकीचा धोका विकणाऱ्यानं आधीच सोसलेला असतो. एकच गोष्ट खोदून विचारावी: आठव्या आठवड्याची मानमोडीची आर-टू-बी लस टोचली का? उत्तर गोलमाल आलं तर पाटी तिथंच ठेवावी.

वेळही साधायला हवी. श्रावणात अंड्याला गिऱ्हाईक कमी. तेव्हा आणलेली ग्रामप्रिया जातीची दहा आठवड्यांची तलंग थंडीच्या तोंडावर अंड्यावर येते, आणि हिवाळ्यात अंड्याला मागणी असतेच, मार्गशीर्षातले गुरुवार तेवढे सोडून. गावरान तलंगेला आणखी महिना-दोन महिने धरावेत. एप्रिल-मेमध्ये मात्र जालन्यातला पारा चाळिशी ओलांडतो, कोंबडी धापा टाकते आणि खाणं सोडते. त्या दोन महिन्यांत कोणत्याच वयाची कोंबडी आणू नये.