खरे कोणते?

मुलांनो, भावंडांची भांडणे तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. कधी खाऊवरून भांडण होते, कधी चेंडूवरून, तर कधी गाडीतल्या खिडकीजवळच्या जागेवरून. माझ्या घरी मात्र एकदा चक्क राजवाड्यावरून भांडण झाले! राजवाडा काही आमचा नव्हता. तो होता परदेशात. या भांडणात मला न्यायाधीश व्हावे लागले. मी कोणता न्याय केला, ते आज तुम्हांला सांगतो.

माझा मुलगा अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात राहतो. माझी मुलगी जपानमध्ये, टोकियो शहराच्या निशी-कसाई भागात राहते. त्या भागात बरीच भारतीय कुटुंबे आहेत. २०१९ सालच्या जुलै महिन्यात दोन्ही घरची मंडळी चिपळूणला आमच्याकडे आली होती. नातू बारा वर्षांचा, नात दहा वर्षांची. बाहेर कोकणातला धो धो पाऊस पडत होता. खेळायला अंगण नाही, म्हणून शेजारची मुलेही आमच्या पडवीत जमली होती.

बोलता बोलता डिस्नेलँडचा विषय निघाला. डिस्नेलँड म्हणजे एक मोठे उद्यान. तिथे परीकथेतला राजवाडा असतो, नावा असतात, छोटी आगगाडी असते, पाळणे असतात. मिकी नावाचा प्रसिद्ध उंदीर तिथे मुलांशी हस्तांदोलन करतो. असे उद्यान माझ्या नातवाच्या घराजवळही आहे आणि नातीच्या घराजवळही आहे.

नातू ऐटीत म्हणाला, "आमचे डिस्नेलँड सगळ्यांत पहिले. तुमचे टोकियोचे म्हणजे त्याची नक्कल!"

नातीला राग आला. रागाच्या भरात तिची जीभ अडखळली. ती म्हणाली, "दादा, तुझा बोलणं खोटी आहे!"

पडवीतली मुले खो खो हसली. एक जण तर म्हणाला, "अरे, हिची मराठीसुद्धा नक्कलच आहे!"

नात काही बोलली नाही. ती उठून आत गेली. त्या दिवशी ती आईशी फक्त जपानीत बोलली. मराठीचा एक शब्दही तिने तोंडातून काढला नाही. रात्री मी झोपाळ्यावर बसलो होतो. ती हळूच शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही दोन्हीकडे गेलात. सांगा ना, खरे कोणते?"

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे. मुलाचा प्रश्न कशाविषयी असतो, ते मला थोडेफार कळते. हा प्रश्न केवळ उद्यानाविषयी नव्हता. मी तिला म्हणालो, "उद्या सांगतो. दादालाही बोलाव आणि त्या हसणाऱ्या मुलांनाही बोलाव."

दुसऱ्या दिवशी पडवीत न्यायसभा भरली. मी म्हणालो, "आधी दादाची बाजू ऐकू. तो म्हणतो ते खोटे नाही. पहिले डिस्नेलँड कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम शहरात १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले. २०१६ साली मी ते पाहिले. तिथल्या राजवाड्याची उंची फक्त ७७ फूट आहे. चित्रांत तो केवढा तरी मोठा दिसतो, पण समोर उभे राहिलो तेव्हा वाटले, हा तर अगदी घरगुती राजवाडा! दारातून आत गेले की एक जुन्या पद्धतीचा रस्ता लागतो. दुतर्फा लहान दुकाने आहेत. उद्यान उभारणारे वॉल्ट डिस्ने लहानपणी मिसूरी राज्यातल्या मार्सेलीन या छोट्या गावात राहत होते. त्या गावाची आठवण या रस्त्यात आहे. रस्त्यावरच्या अग्निशमन केंद्राच्या माडीवर ते स्वतः मुक्काम करत. १९६६ साली ते वारले. त्यांची आठवण म्हणून त्या माडीच्या खिडकीत एक दिवा ठेवलेला आहे. तो दिवा पाहून मला भरून आले. असा दिवा दुसरीकडे कुठून आणणार?"

नातवाची छाती फुगली. मी पुढे म्हणालो, "त्याच प्रवासात मुलाने मला फ्लॉरिडातले उद्यानही दाखवले. ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. तिथला राजवाडा १८९ फूट उंच आहे. जागाही ऐसपैस. तिथे सारे काही मोठे आहे, पण वॉल्ट डिस्ने यांचे पाऊल त्या उद्यानात कधी पडले नाही. मग दादा, त्यालाही नक्कल म्हणायचे का?"

नातू विचारात पडला. "ते अमेरिकेतच आहे ना, आजोबा," तो म्हणाला.

"बरे, आता टोकियोकडे जाऊ. तिथले उद्यान १५ एप्रिल १९८३ रोजी सुरू झाले. समुद्रात भर घालून तयार केलेल्या जमिनीवर ते उभे आहे. त्याची मालकी एका जपानी कंपनीकडे आहे. २०१८ साली मी तिथे गेलो. राजवाडा पाहून म्हणालो, अरे, हा तर फ्लॉरिडाचाच! नमुना तोच आहे. पण प्रवेशाचा रस्ता पाहिला आणि थांबलो. दुकाने अमेरिकेसारखीच, पण वर भलेमोठे काचेचे छप्पर! टोकियोत पाऊस पुष्कळ पडतो, थंडीही असते. कॅलिफोर्नियात पाऊस कमी. तिथला उघडा रस्ता जसाच्या तसा आणला असता, तर लोक भिजले असते. आपल्या कोकणातल्या घरांची छपरे उतरती का असतात, ते तुम्हांला ठाऊक आहेच. पाऊस जसा, तसे छप्पर."

पागोळ्यांकडे बघत मुलांनी माना डोलावल्या.

"आणखी एक गंमत ऐका," मी म्हणालो. "या उद्यानांत एक भुताचा वाडा असतो. अ‍ॅनाहाइममध्ये तो न्यू ऑर्लिन्स शहराच्या देखाव्यात आहे. फ्लॉरिडात तो अमेरिकेच्या स्वातंत्र्यकाळाच्या देखाव्यात आहे. टोकियोत तो परीकथांच्या विभागात आहे! वाडा तोच, पण शेजार बदलला. जपानी मुलाला न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वाड्यांची आठवण कुठून असणार? परीकथा मात्र त्याला माहीत आहेत.

"तिथे लोकही आपल्या रीतीने वागतात. मिरवणूक निघायच्या आधी ते छोटी चटई पसरतात आणि शांतपणे बसतात. पुढचे बसले, म्हणजे मागच्यांना दिसते. मक्याच्या लाह्या अमेरिकेतही मिळतात, पण टोकियोत करीच्या चवीच्या लाह्या मिळतात! लाह्यांचा रंगीत डबा गळ्यात अडकवून थोरामोठ्यांनाही फिरताना मी पाहिले.

"जंगलातल्या नावेची फेरी दोन्हीकडे आहे. अमेरिकेत नावाडी इंग्रजीत भराभर विनोद सांगत होता. मला अर्धे कळले, अर्धे कळले नाहीत. टोकियोत नावाडी जपानीत बोलत होता. नावेतले सारे हसत होते. मला एक अक्षर कळेना. मग माझ्या कानाशी कोणीतरी प्रत्येक विनोद मराठीत सांगू लागले. त्या नावेत मी पोट धरून हसलो. सांगणारे कोण होते, ओळखा बरे?"

सगळ्यांनी नातीकडे पाहिले. ती खाली बघून फ्रॉकच्या झालरीशी चाळा करत होती.

नातू म्हणाला, "पण आजोबा, छप्पर घातले, लाह्या बदलल्या, तरी कल्पना आमचीच ना?"

प्रश्न चांगला होता. मी त्याला विचारले, "तुमच्या राजवाड्याची कल्पना कुठली? जर्मनीत नॉयश्वानस्टाइन नावाचा राजवाडा आहे. त्यावरून अ‍ॅनाहाइमचा राजवाडा सुचला. सिंड्रेलाची जी गोष्ट डिस्ने यांनी घेतली, ती शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाची. डेन्मार्कमधले टिवोली हे उद्यान १८४३ सालापासून चालू आहे. ते डिस्ने यांनी पाहिले होते आणि त्यांना फार आवडले होते. मग अमेरिकेचे डिस्नेलँड कोणाची नक्कल?"

नातू गप्प झाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "नाही रे, तेही नक्कल नाही. डिस्ने यांनी त्यात आपले गाव घातले, आपली मेहनत घातली. म्हणून ते त्यांचे झाले. नुसते उचलून ठेवले, तर मात्र फजिती होते. १९९२ साली पॅरिसजवळ असेच उद्यान उघडले. फ्रेंच लोक दुपारी ठरावीक वेळी, निवांत बसून जेवतात. अमेरिकेसारखे येता-जाता खात नाहीत. याचा पुरेसा विचार झाला नव्हता. साडेबारा वाजले की उपाहारगृहांत ही गर्दी! सुरुवातीला त्या उद्यानाला मोठा तोटा सोसावा लागला. पुढे पुष्कळ गोष्टी बदलाव्या लागल्या."

मग मी त्यांना टोकियोच्या दुसऱ्या उद्यानाविषयी सांगितले. त्याचे नाव डिस्नेसी. ते २००१ साली पहिल्या उद्यानाशेजारी उघडले. त्याच्यासारखे उद्यान अमेरिकेत नाही. त्यात अरबी किनारा नावाचा एक विभाग आहे. घुमट, कमानी, जाळीच्या खिडक्या. आणि जेवायला करी आणि नान! तिथे नावेत बसून सिंदबादची सफर करता येते. अलिफ लैलामधला आपला सिंदबाद! तो खलाशी बगदादहून निघाला आणि गोष्टीच्या नावेतून थेट जपानला पोहोचला. तिथे महाकाय रुख पक्षी आहे. तिथला राक्षससुद्धा वाद्य वाजवतो. सिंदबादबरोबर वाघाचे एक गोंडस पिल्लू असते. त्याचे नाव काय असेल? चंदू!

"चंदू?" सारी मुले ओरडली. त्यांतल्या एकाला घरी चंदूच म्हणत. तो लाजून लाल झाला.

"हो, चंदू," नात पटकन म्हणाली. सकाळपासूनचा तो तिचा पहिला मराठी शब्द होता.

शेवटी मी एक घटना सांगितली. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ११ मार्च २०११ रोजी दुपारी जपानमध्ये फार मोठा भूकंप झाला. त्या वेळी टोकियोच्या दोन्ही उद्यानांत मिळून सुमारे ७०,००० माणसे होती. जमीन हलू लागली. तेव्हा दुकानांतल्या कर्मचाऱ्यांनी विक्रीची कापडी अस्वले, बाहुल्या लोकांच्या हाती दिल्या आणि डोक्यावर धरायला सांगितल्या. वरून काही पडले, तर डोके वाचावे म्हणून! आगगाड्या बंद होत्या. हजारो लोकांना रात्र तिथेच काढावी लागली. कर्मचाऱ्यांनी दुकानांतला खाऊ वाटला. थंडी वाजू नये म्हणून पुठ्ठ्याची खोकी आणि पिशव्या दिल्या. एरवी ही खेळणी विकायची असतात. पण त्या दिवशी पाहुण्यांचा जीव आधी, हिशेब नंतर.

मी म्हणालो, "मुलांनो, राजवाड्याचा नमुना अमेरिकेहून आणता येतो. अशी माणुसकी आणता येत नाही. ती ज्याची त्यालाच दाखवावी लागते. म्हणून माझा न्याय ऐका. अ‍ॅनाहाइमचे उद्यान पहिले, पण टोकियोचेही खरे. दुसरीकडून आणलेल्या वस्तूत आपले मन ओतले, की ती आपली होते. भाषेचेही तसेच आहे. कोणी ती आईच्या मांडीवर शिकतो, कोणी दूर देशात, कोणी शाळेत. चुका होतील, त्या सुधारता येतात. पण जो मनापासून बोलतो, त्याची भाषा खरी."

पडवीत कोणी बोलेना. फक्त पावसाचा आवाज येत होता. मग आदल्या दिवशी हसलेला तो मुलगा पुढे सरकला. त्याने नातीला विचारले, "त्या चंदूची गोष्ट सांगतेस?"

तिने माझ्याकडे पाहिले. मग ती सांगू लागली, "सिंदबाद मोठा नावेत बसली…" एक जण हसला. पण हसता हसताच म्हणाला, "बसला! बरं, पुढे काय झालं?" तीही हसली. "बसला," ती म्हणाली आणि गोष्ट पुढे चालू झाली. सर्वांत जवळ बसून माझा नातू ती ऐकत होता.

मुलांनो, तुम्हीही घरी एक भाषा बोलता आणि या पुस्तकातून दुसरी शिकता. बोलताना कधी चूक होते, कधी कोणी हसते. तेव्हा हा पडवीतला न्याय आठवा. टोकियोच्या त्या काचेच्या छपराखालच्या रस्त्याचे नाव मी तुम्हांला सांगितलेच नाही. त्याचे नाव आहे 'वर्ल्ड बाजार'. बाजार हा शब्द मूळचा फारसी. तो उर्दूत आहे, मराठीत आहे, इंग्रजीत गेला आणि तिथून जपानलाही पोहोचला. आता सांगा बरे, तो खरा कोणाचा?