आडवं इंजिन

आमच्या फर्दापुरात बाबांची पद्मिनी टॅक्सी होती. अजिंठा लेणी पाहून आलेल्यांना ते जळगाव स्टेशनला सोडायचे. गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर मधे मी मावायचो, पाय आखडून.

पुढे नव्या छोट्या गाड्या आल्या, गिऱ्हाईक तिकडे वळलं. पद्मिनी भंगारात दिली, त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

परवा मोबाइलवर एक नाव सापडलं. दांते जाकोझा, जन्म १९०५, फियाटचे इंजिनिअर. कुर्ल्यात बनणारी पद्मिनी ज्या फियाट ११०० वरून आली, ती १९५३ ची गाडी त्यांचीच. पण याच माणसाने पुढे इंजिन आडवं बसवलं, त्याच्या टोकाला गिअरबॉक्स जोडला आणि जोर पुढच्या चाकांना दिला. १९६४ च्या प्रिमुलात आधी करून पाहिलं, मग १९६९ च्या फियाट १२८ मध्ये. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची मांडणी हीच.

म्हणजे बाबांची गाडी घडवणारा आणि तिला घालवणारा माणूस एकच!

बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्या गाडीचं बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं.

"मागे जाणारा शाफ्टच नाही," ते म्हणाले. "असं तेव्हा असतं, तर तुला पाय आखडावे लागले नसते."